कारण बहुमताने मंजूर

पिपरखारीच्या जियालाल रहांगडाल्यांची मुलगी ज्या विमानात को-पायलट होती, ते विमान पूर्व किनाऱ्यावरच्या एका शहरात भर पावसात उतरताना धावपट्टी सोडून चिखलात गेले आणि कुंपणाच्या भिंतीला धडकले. दोन प्रवासी दगावले, बरेच जखमी झाले. विमान कशामुळे घसरले हे शोधण्यासाठी दिल्लीहून चौकशी पथक निघाले. ते तिथे पोचायच्या आत पिपरखारीत कारण सापडले होते. पथक पुढे कित्येक महिने शोधत बसणार होते, त्याला इलाज नव्हता. त्यांच्यापैकी कुणाला पिपरखारी ठाऊक नव्हती.

बातमी आली तेव्हा जियालाल शेतावर, धानाच्या बांधीत होते. हलका धान कापून पडला होता, आभाळ भरून आले होते आणि कडपा भिजू नयेत म्हणून ते मजुरांच्या मागे लागले होते. तेवढ्यात धुऱ्यावरून मोटारसायकल घेऊन केवलराम आले. गावच्या सरपंच निर्मलाबाई होत्या आणि सरपंचपद त्यांचे पती केवलराम सांभाळत. सही मात्र बाईंचीच लागे, त्यामुळे बाईंनाही अगदीच काम नव्हते असे नाही.

"काका, घरी चाला. टीव्ही पाहा."

"काऊन गा? का झालं?"

"तुमी पहिले बसा तं गाडीवर."

घरात जियालालांच्या पत्नी तुलसाबाई टीव्हीसमोर उभ्या होत्या. पडद्यावर संगणकाने काढलेले एक विमान घसरत होते, भिंतीवर आदळत होते आणि पुन्हा आकाशात जाऊन नव्याने घसरत होते. खरे विमान एकदाच घसरले. चॅनेलने ते दिवसभर घसरवले. खाली मोठ्या अक्षरांत प्रश्न होता, 'चूक कुणाची?' तुलसाबाईंनी अजून एकदाही डोळे पुसले नव्हते, कारण पुसले तर तेवढ्यात पोरगी दिसायची राहील अशी त्यांना भीती होती.

दिवे लागायच्या आत मुलीचा, रुचीचा फोन आला. आवाज बारीक होता. पाय मोडला होता, बरगड्यांना मार होता, पण ती शुद्धीवर होती.

"बाबूजी, मी बरी आहो. इकडे वादळ आहे, गाड्या बंद आहेत. तुमी आत्ता निघू नका. अन् आयका, कोणी काही विचारलं तं काहीच सांगू नका. चौकशी होऊन राहिली. मलेही बोलायची परवानगी नाही."

"मी का सांगू बेटा? मले का मालूम?"

"तेच सांगा. मालूम नाही म्हणून सांगा."

जियालालांना हे सोपे वाटले. आयुष्यात त्यांनी धानाच्या भावापासून शेजाऱ्याच्या स्वभावापर्यंत अनेक बाबतींत 'मालूम नाही' म्हटले होते आणि कुणी वाईट वाटून घेतले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून माणसे यायला लागली. येणे साहजिक होते. रुची पायलट झाली तेव्हा गावाच्या कमानीवर 'पिपरखारीची आकाशकन्या' असे बॅनर लागले होते. त्यावर रुचीचा फोटो सुपारीएवढा आणि शुभेच्छुकांचे फोटो परातीएवढे होते. तिच्या यशात प्रत्येकाचा वाटा होता. कुणी तिला गणित शिकवले होते, कुणी तिला पहिल्यांदा मोटारसायकलच्या टाकीवर बसवून हवेचा वेग दाखवला होता. आता तिच्या अपघातातही आपला वाटा असावा असे त्यांना वाटले, तर त्यात गैर काही नव्हते. फक्त हा वाटा कारणाच्या स्वरूपात होता.

सर्वांत आधी हेमेंद्र सर आले. तिरोड्याला त्यांचा कोचिंग क्लास होता आणि विमान या विषयात रुचीच्या खालोखाल त्यांचाच अधिकार होता. मेव्हण्याच्या लग्नाला ते नागपूरहून हैदराबादला विमानाने गेले होते, तेही खिडकीजवळ बसून. त्यांनी जियालालांच्या बाजेवरची गोधडी सारखी केली आणि जियालालांचीच एक चप्पल हातात घेतली.

"ही बाज समजा धावपट्टी. ही चप्पल विमान. आता पाहा, विमान उतरते तवा पहिले मागचं चाक टेकते, मग पुढचं. मी सोता पाह्यलं."

"तुले कसं दिसलं गा?" तुलसाबाईंनी विचारले. "तू तं आत बसला होता."

"जाणवते ना काकू. जाणकाराले जाणवते." सरांनी चप्पल गोधडीवर हळूच टेकवली आणि घसरवत उशीपर्यंत नेली. "आता सांगा, पोरी स्कुटी कशी थांबवतात? ब्रेक मारत नाहीत. दोन्ही पाय खाली टेकवतात. सवयच असते त्यायची. आता विमानात पाय टेकवाले जागा आहे का?"

जमलेल्यांपैकी दुसरे कुणीच विमानात बसले नव्हते, पण जागा नसावी यावर सर्वांचे एकमत झाले.

"मी रुचीचं नाव घेऊन नाही राहिलो," सर चप्पल खाली ठेवत म्हणाले. "मी फक्त शास्त्र सांगून राहिलो."

त्यानंतर शास्त्राला तोटा राहिला नाही. बोदलकसाच्या धरणावर थंडीत परदेशी पक्षी उतरतात; त्यांतलाच एखादा रस्ता चुकून किनाऱ्याकडे गेला आणि इंजिनात शिरला, असे मासेमारी सोसायटीचे मत पडले. कोहमाऱ्याच्या ढाब्यांवर ट्रकवाल्यांनी डिझेलमधली भेसळ पक्की केली होती. विमानात डिझेल घालतच नाहीत, असे एका क्लीनरने सांगितले तेव्हा, "मग हेच तं कारण!" असे उत्तर मिळून विषय संपला. शेजारच्या सुशिलाबाईंनी तुलसाबाईंना बाजूला घेऊन विचारले, "पायलट झाली तवाचा नवस फेडला होता ना?" फेडला होता. "मग कमी फेडला असंल," असे म्हणून त्या हळहळल्या.

प्रत्येकाला जियालाल एकच उत्तर देत. "मालूम नाही." आणि प्रत्येक जण मान हलवून जाई, पण ती पटल्याची मान नसे. ज्याची पोरगी आतमध्ये होती त्यालाच मालूम नाही, आणि ज्यांचा विमानाशी काही संबंध नाही त्या सगळ्यांना मालूम आहे, हे कसे शक्य आहे? म्हणजे माणूस लपवतो आहे.

हा विचार 'धानपट्टी लाईव्ह' या चॅनेलचे संपादक, वार्ताहर, छायाचित्रकार आणि मालक हिमांशू यांनी प्रथम स्पष्ट शब्दांत मांडला. त्यांनी दारात मोबाईल रोखून विचारले, "काका, अपघात काऊन झाला?" जियालाल म्हणाले, "मालूम नाही." दुपारी व्हिडिओ आला. 'पायलटच्या वडिलांचे धक्कादायक मौन! नक्की काय दडवले जात आहे?' जियालालांच्या मागे ज्वाळा दाखवल्या होत्या. विमानाला आग लागलेली नव्हती. पण ज्वाळांशिवाय व्हिडिओ कुणी बघत नाही, याला हिमांशूचाही नाइलाज होता. दुसऱ्या दिवशी एका मोठ्या चॅनेलने 'कुटुंबाच्या निकटवर्ती सूत्रांनी सूचक मौन बाळगले' असे सांगितले आणि संध्याकाळी त्याहून मोठ्या चॅनेलवर चार माणसे त्या मौनाचा अर्थ लावत एकमेकांवर ओरडत होती.

मग गोष्टी रीतसर व्हायला लागल्या. कमानीवरचे बॅनर धुवायला म्हणून काढले गेले. शाळेच्या ऑफिसातला रुचीचा फोटो तात्पुरता कपाटात गेला. गावातल्या बकारामची मुलगी दामिनी हिचे विमान शिकायला जायचे घाटत होते; बकाराम तिला म्हणाला, "तू बी.ए. कर, जमिनीवरचं काही पाहा." अपघाताचे नेमके कारण स्पष्ट होईपर्यंत गावातल्या मुलींनी खबरदारी म्हणून तिरोड्याला स्कुटीने जाऊ नये, अशी सूचना ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून दिली गेली. निर्मलाबाई स्वतः पंचायत समितीत स्कुटीनेच जात. त्यांना पदसिद्ध अपवाद करण्यात आला.

जियालाल तिरोड्याच्या राइस मिलवर गेले तर हमालाने पोते उतरवता उतरवता विचारले, "काका, तुमची पोरगी मोबाईल पाहून राहिली होती म्हणे?" ते पोते तसेच सोडून घरी आले. त्यानंतर त्यांनी बाहेर जाणे कमी केले. पण घरातही सुख नव्हते. एका दुपारी त्यांना एकाएकी आठवले की कॉलेजात असताना रुचीने स्कुटी धानाच्या वाळल्या तणसाच्या ढिगात घातली होती. त्या वेळी सगळे पोट धरून हसले होते. आता ते आठवून ते बाजेवर उठून बसले. स्वतःची लाज वाटली, तरी आठवण काही जाईना.

"रुचीची माय," त्यांनी हळूच विचारले, "तिनं त्या वक्ताले ब्रेक मारला होता का पाय टेकवले होते?"

तुलसाबाईंनी हातातले सूप खाली ठेवले आणि नवऱ्याकडे बघितले. नंतर सूप उचलून त्या आत निघून गेल्या.

शेवटी केवलरामच धावून आले. "काका, हे असं चालणार नाही. गावाची बदनामी होऊन राहिली. दिल्लीवाले सहा-सहा महिने, साल-साल लावतात. तवरोक आपण तोंड लपवून बसाचं का? आपण विशेष ग्रामसभा लावू. कारण एकदाचं ठरवून टाकू."

ग्रामसेवक उमेंद्र यांनी शंका काढली. शंका काढणे हा त्यांच्या नोकरीचा भाग होता. "भाऊ, विमान अपघात हा विषय ग्रामसभेच्या कक्षेत येत नाही."

"विमान आपल्या गावावरून जाते का नाही?"

"जाते. पण लय उंचावरून जाते."

"किती उंचावरून? तुमी मोजलं का?"

उमेंद्र यांनी मोजले नव्हते. विषय कक्षेत आला.

एरवी पिपरखारीच्या ग्रामसभेला गणपूर्ती होत नसे. सभा तहकूब व्हायची आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, या सोयीवर गावाची नळयोजना, नाल्या आणि अंगणवाडीचे छत अनेक वर्षे मंजूर होत आले होते. त्या दिवशी मात्र समाजमंदिरात पाय ठेवायला जागा नव्हती. माणसे खिडक्यांत बसली होती. शेजारच्या गावांनी निरीक्षक पाठवले होते. निर्मलाबाई अध्यक्षस्थानी होत्या, केवलराम त्यांच्या शेजारी उभे राहून अध्यक्षस्थान चालवत होते आणि जियालाल व तुलसाबाई यांना 'संबंधित कुटुंब' म्हणून पहिल्या रांगेत बसवले होते.

चर्चा अत्यंत शिस्तीत झाली. हेमेंद्र सरांनी टेबलावर चपलेचे प्रात्यक्षिक केले. मासेमारी सोसायटीने पक्ष्याची बाजू मांडली. एकाने परकीय शक्तींचा हात असल्याचे सांगितले. परकीय शक्तींना आपल्याच तालुक्याची पोरगी कशी सापडली, हे विचारल्यावर त्याने सूचक हसून खाली बसणे पसंत केले.

मग तुलसाबाई उठल्या. त्या ग्रामसभेत कधी बोलल्या नव्हत्या.

"दोन माणसं मेली त्यात," त्या म्हणाल्या. "कोण होती ती? कोणाले मालूम आहे का? त्यायच्या घरी कोण आहे?"

लोक एकमेकांकडे पाहू लागले. हिमांशूने मोबाईल खाली घेतला, कारण यात दाखवण्यासारखे काही नव्हते. उमेंद्र यांनी विषयपत्रिका उलटसुलट केली.

"काकू, हा विषय पत्रिकेवर नाही. ऐनवेळच्या विषयांत घेऊ. वेळ उरला तं."

तुलसाबाई थोडा वेळ उभ्याच राहिल्या. मग बसल्या. वेळ उरला नाही.

आता केवलराम पुढे आले. "मंडळी, आतापर्यंत जेवढी कारणं आली ती सगळी अभ्यासू आहेत. पण एक सांगा, पोरगी कोणाची? आपली. मग आपल्याच पोरीवर आळ येईल असं कारण आपण कायले मंजूर कराचं? आपल्याले दुसरं कारण नाही का? विमानात ती एकटी होती का? बाजूले कॅप्टन होता. मोठा पायलट तोच. तो कुठचा? तिकडं धारजवळचा, मालव्याचा. त्याचं नाव आपल्या मतदार यादीत आहे का?"

"नाही!" सभा एका आवाजात म्हणाली.

"मग?"

हेमेंद्र सर लगेच उभे राहिले. "मी पहिल्या दिवसापासून हेच सांगून राहिलो," ते म्हणाले. "माणसंही स्कुटी चालवतात. कॅप्टन चालवत असंल." चप्पल तीच राहिली, घसरली तशीच, फक्त आत बसलेला माणूस बदलला.

ठराव मांडणार तोच गावात बहुसंख्य असलेल्या पवार समाजातले एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत उठले. "अरे, पण आपले पूर्वज मालव्यातूनच तं आले. तो आपलाच भाईबंद निघाचा."

सभा पेचात पडली. भाईबंदाला दोषी ठरवणे म्हणजे रक्तालाच दोष. उमेंद्र यांनी पेन उचलून धरले. पण हेमेंद्र सर उगाच कोचिंग चालवत नव्हते.

"आजोबा, चांगले होते ते आपल्यासंग इकडं आले," ते म्हणाले. "जे तिकडं राह्यले, ते राह्यले."

टाळ्यांचा कडकडाट झाला. दुरुस्तीसह ठराव मताला टाकण्यात आला. 'सदर अपघात हा कॅप्टन यांच्या निष्काळजीपणामुळे झाला असून त्यास पिपरखारी येथील कन्या कोणत्याही प्रकारे जबाबदार नाही, असे ही ग्रामसभा ठरविते.' हात वर झाले. खिडक्यांतले हात वर झाले. निरीक्षकांना मताधिकार नव्हता, तरी त्यांचेही वर झाले. जियालालांचे दोन्ही हात मांडीवर होते.

केवलराम त्यांच्या कानाशी वाकले. "काका, हात."

"मले मालूम नाही गा, केवलराम. खरंच मालूम नाही."

"मालूम कोणाले आहे, काका? हात वर कराले मालूम कायले लागते?" मग आवाज आणखी खाली आणून ते मायेने म्हणाले, "बापाचाच हात नाही उठला तं लोक का म्हणतीन? पोरीचंच चुकलं, म्हणून बाप बसून राह्यला म्हणतीन. मग तिचा फोटो त्या कपाटातून मी तरी कसा काढू?"

जियालालांनी बायकोकडे पाहिले. ती समोरच्या भिंतीकडे पाहत होती. त्यांना राइस मिलवरचा हमाल आठवला. कॅप्टन कोण, कसा, त्यांना काही माहीत नव्हते. त्याचा चेहराही त्यांनी पाहिला नव्हता, आणि चेहरा पाहिला नसल्यामुळे हात उचलायला तसा जड गेला नाही. खांद्यापर्यंत येऊन तो थांबला.

"काका, पूर्ण वर," हिमांशू म्हणाला. "फोटोत कापला जाते."

जियालालांनी हात पूर्ण वर केला.

ठराव सर्वानुमते मंजूर झाला असे लिहिले गेले. तुलसाबाईंचा हात वर नव्हता, पण एका हातासाठी 'बहुमताने' लिहिणे उमेंद्र यांना बरे वाटेना. दुसऱ्या दिवशी 'ग्रामसभेच्या चौकशी अहवालात कॅप्टनवर ठपका' अशी बातमी आली. नंतरच्या बातमीतून 'ग्रामसभेच्या' हा शब्द जागेअभावी गळला. त्यानंतर पिपरखारीत लोक एकमेकांना ती बातमी दाखवून म्हणू लागले, "पाहा, आपण म्हणत होतो तेच अहवालातही आलं."

बॅनर धुवून परत लागले. फोटो कपाटातून निघाला. स्कुटीवरची बंदी उठली आणि त्याऐवजी बाजारात मालव्याच्या लसणावर अघोषित बहिष्कार पडला. राइस मिलवरच्या हमालाने जियालालांना स्वतःहून चहा पाजला. "मी तं पहिलेच म्हणलो होतो काका, पोरगी तशी नाही." कित्येक दिवसांनी जियालाल पोटभर भात जेवले आणि लगेच झोपले.

वादळ ओसरले, गाड्या सुरू झाल्या. जियालाल आणि तुलसाबाई करंज्यांचा डबा घेऊन निघाले. रुची ज्या दवाखान्यात होती तिथे समुद्राचा वास येत होता आणि सगळे जण न समजणारी भाषा बोलत होते. पोरीचा पाय वजनाला टांगलेला पाहून तुलसाबाईंनी अखेर डोळे पुसले. जियालाल पायाशी उभे राहिले. त्यांना वाटले होते, पोरगी सभेबद्दल ऐकून सुखावेल.

"बाबूजी," रुचीने विचारले, "तुमी हात वर केला?"

"बेटा, गावानंच..."

"फोटो पाह्यला मी. तुमीच आहा. हात पूर्ण वर आहे."

जियालालांनी उजवा हात पाठीमागे घेतला.

"कॅप्टन सरची हसली, खांद्याजवळचं हाड, मोडली होती. एक हात उठत नव्हता. त्यायनं दुसऱ्या हातानं माहा पट्टा काढला अन् मले ओढून बाहेर काढलं. मग परत आत गेले, लोकायले काढाले." तिला बोलताना बरगडी दुखत होती, म्हणून ती थांबत थांबत बोलत होती. "बाजूच्याच वॉर्डात आहेत, संध्याकाळी इथं येऊन बसतात. रोज आमी एकमेकाले तेच विचारतो, नेमकं का झालं? पाणी होतं, वारा होता, आमी जे कराचं ते केलं असं वाटते. पण नेमकं का झालं, मी सांगू शकत नाही. मी तिथं बसली होती, बाबूजी. तरी मले मालूम नाही. तुमाले कसं मालूम झालं?"

तुलसाबाईंनी करंज्यांचा डबा उघडला आणि एक करंजी मोडून पोरीच्या तोंडाजवळ नेली. जियालाल पाय न वाजवता बाहेर आले.

बाहेर बाकावर एक उंच, वाकलेले गृहस्थ बसले होते. डोक्याला पांढरा फेटा, पायाशी पिशवी. त्यांनी सरकून जागा दिली. दोघे समोरच्या भिंतीवरची, बहुधा 'शांतता राखा' असे सांगणारी, न समजणारी अक्षरे पाहत बसले. मग त्या गृहस्थांनी हिंदीत विचारले, "आपका कौन भर्ती है?"

"बेटी. विमान में थी. पायलट है."

गृहस्थांचा चेहरा बदलला. त्यांनी फेटा काढून मांडीवर ठेवला. "मैं ईश्वरदास. कॅप्टन मेरा लड़का है."

जियालालांना उठून जावेसे वाटले. पण जायचे कुठे? आत पोरगी होती. "आपके लड़के ने मेरी लड़की को बाहर निकाला," ते म्हणाले. "अन् हमारे गाँव में सभा हुई. ठराव पास किया कि गलती कॅप्टन की है. मैंने भी हाथ उठाया."

ईश्वरदासांनी मांडीवरच्या फेट्याची घडी नीट केली.

"हमारे यहाँ समाज की बैठक हुई," ते म्हणाले. "धर्मशाला में. बोले, औरत जात है, घबरा गई होगी. सब ने कहा, लड़की की गलती."

"अन् आपने?"

"लड़के का मामला था, भाई साहब. सब देख रहे थे मेरी तरफ." त्यांनी उजव्या हाताकडे पाहिले. "उठाना पड़ा."

एक नर्स ट्रॉली ढकलत गेली. चाकाचा आवाज टोकापर्यंत ऐकू येत राहिला. दोघांनी एकमेकांची माफी मागितली नाही. ईश्वरदासांनी पिशवीतून थर्मास काढला, झाकणात चहा ओतून जियालालांना दिला आणि स्वतः थर्मासच्याच तोंडाने प्यायले. पूर्वी आमचे लोक तुमच्याकडूनच आले म्हणतात, असे जियालाल म्हणाले. मग तर घरचेच निघालो, असे ईश्वरदास म्हणाले. धानाचे कसे आहे, गव्हाचे कसे आहे, हे झाले. दोघांची पोरे गुणी आहेत, हेही झाले. चहा संपता संपता दोघांच्याही मनावरचे ओझे बरेच उतरले. आता फक्त एकच गोष्ट बाकी होती. तुमच्या मुलाची चूक नाही, माझ्या मुलीचीही नाही. मग एवढे मोठे विमान चिखलात गेले कसे?

"एक बात बोलूँ?" ईश्वरदासांनी इकडे तिकडे पाहून आवाज खाली आणला. "वो टावर में जो आदमी बैठता है ना, जो उतरने को बोलता है, उसको तो ऊपर से सब दिखता होगा. इतनी बारिश थी. उसने उतरने क्यों दिया?"

जियालाल सावरून बसले. "वही तो! मैं भी वही सोच रहा था. काऊन उतरू देल्लं त्यानं?"

"नींद में होगा."

"नहीं तो मोबाईल में होगा."

"सरकारी नौकरी," ईश्वरदास म्हणाले, आणि दोघांनी एकदमच मान हलवली. कित्येक दिवसांत दोघांना इतके मोकळे वाटले नव्हते. ईश्वरदासांनी उरलेला चहा झाकणात ओतला आणि अर्धा-अर्धा केला.

टॉवरमधला तो माणूस कोण, कुठला, त्याला बाप आहे की नाही आणि असल्यास त्याच्या गावी समाजमंदिर आहे की धर्मशाळा, हे अद्याप कळलेले नाही. चौकशी चालू आहे. तुम्हाला मात्र त्याची दया आली असणार. बिचारा टॉवरवाला, तुम्ही म्हणाला असाल, त्याची यात काय चूक?

पाहा, तुम्हीही ठरवून टाकले.